वजन उतरेपर्यंत

९ नोव्हेंबर २०२४

इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ मनस्वी मॅडमनी सांगितलंय की रोज काय खाल्लं, कधी खाल्लं ते लिहीत जा. लिहायला हरकत नाही. केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे, प्रत्येक शिफ्टला लॉगबुक लिहायची सवय आहेच. पण आधी हे कशासाठी चाललंय ते लिहून ठेवतो, नाहीतर चार महिन्यांनी माझं मलाच कळायचं नाही.

माझी थोरली बहीण सरूताय पेणच्या खाडीकडच्या गावात दिलेली. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. बीपी किती वर्षं वाढलेलं होतं कोण जाणे. मिठागरात राबणाऱ्या बाईचं बीपी मोजायला कोण बसलंय! आता दिवसाआड पेणला डायलिसिस. पोपटभावजींना साखर आहे, त्यांची किडनी चालत नाही. माझा रक्तगट जुळला. मी तिथल्या तिथे डॉक्टरांना सांगून टाकलं, माझी घ्या.

आज नवी मुंबईला गेलो होतो. किडनीच्या डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याण्णव किलो. कंबरेला टेप लावला. मग म्हणाले, "जितेश, तुमची किडनी चांगली असेलही. पण या वजनात मी ती काढणार नाही."

मला वाटलं जाड माणसाला कापायला त्रास होत असेल. तोही होतो म्हणे, पण खरं कारण वेगळं. एक किडनी काढली की उरलेली एकटी सगळं काम ओढते. वजन जास्त असेल तर तिच्यावर आधीच भार. त्यात पुढे साखर आणि बीपी मागे लागायची शक्यता. "बहिणीला डायलिसिसच्या खुर्चीतून उठवून काही वर्षांनी तुम्हीच त्या खुर्चीत बसायचं, असं मला नको," म्हणाले. पंच्याऐंशीच्या आसपास आलो की पुढच्या तपासण्या.

रोह्याशेजारी अष्टमी गावात घरी पोचलो तेव्हा प्रणिता मशीनवर कुणाचा तरी ब्लाउज शिवत होती. सगळं सांगितलं. तिचे पाय थांबले.

"म्हणजे वजन नाही उतरलं तर घेणारच नाहीत?"

"नाही."

"बाकी सगळं जुळलं तरी?"

"तरी नाही."

"बरं," म्हणाली आणि पुन्हा शिवायला लागली.

जेवणात कोळंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. मी नको नको म्हणताना तिने चौथी भाकरी पानात टाकली. दिवसभराच्या टेन्शनने दमलोय, हे तिला न सांगता कळतं.

२३ नोव्हेंबर

आज मनस्वी मॅडमना सरळ विचारलं. मी आळशी नाही. प्लांटमध्ये दिवसाला कितीदा तरी चार मजले चढतो-उतरतो. कॅन्टीनमध्ये माझ्या शेजारी बसून तेच जेवणारा काळुराम काडीसारखा आहे. मग मीच का?

मॅडम माझ्यापेक्षा खूप लहान आहेत, पण प्रश्न ऐकून हसल्या नाहीत. उलट खुर्ची पुढे ओढून बसल्या. आई-वडील कसे होते, वजन कधीपासून वाढलं, झोप किती, शिफ्ट कुठली, कुठली औषधं चालू आहेत का, सगळं विचारलं. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की लग्नातल्या फोटोत मी बारीक आहे. पोट सुटायला लागलं ते फिरती शिफ्ट लागल्यापासून. मी इतकी वर्षं प्रणिताच्या हातच्या जेवणाला दोष देत होतो.

त्यांचं म्हणणं असं, की अंगकाठी बरीचशी घराण्यातून येते. त्यात झोप मोडली की भूक वाढवणारी रसायनं शरीरात वाढतात आणि पोट भरल्याचं सांगणारी कमी होतात. वर ज्या वेळी शरीराला झोपायचं असतं त्या वेळी आम्ही कॅन्टीनमध्ये भजी खातो. "लाज वाटून कुणाचं वजन उतरलेलं मी अजून पाहिलं नाही," म्हणाल्या. "तुम्ही ऑपरेटर आहात ना? मग स्वतःकडे तसंच बघा. आधी रीडिंग घ्या, मग व्हॉल्व्हला हात लावा."

हे मला पटलं. आजवर प्रत्येकाने मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. बघायला कुणीच सांगितलं नव्हतं.

४ डिसेंबर

थर्ड शिफ्टमध्ये एक गंमत सापडली. पहाटेच्या आधी मला जी जोराची भूक लागते ती भूकच नाही. ती झोप आहे. आज वडापावाकडे हात गेला तेव्हा थांबलो, तोंड धुतलं, काळुरामशी गप्पा मारत टाक्यांचा राउंड घेतला. परत आलो तर भूक गायब! खरी भूक असती तर अशी पळाली नसती.

काळुराम कासूवरून येतो. म्हणाला, "जित्या, तू तं गरोदर बाईसारखा घास घास मोजतंस."

मी म्हटलं, "मोजत नाय रं. चौकशी करतोय."

१५ डिसेंबर

प्रणिताच्या माहेरी गागोद्याला तिच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. हर्नियाचं साधं ऑपरेशन, घरी सोडायच्या आदल्या दिवशी गेले. आम्ही डबा घेऊन इस्पितळाच्या जिन्यातच होतो तेव्हा.

आज ती पंगतीत सारखी माझ्याच पानाशी. वालाचं बिरडं, भात, वर खीर. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे मी आधी भाजी आणि बिरडं खाल्लं, भात शेवटी थोडा घेतला. खीर राहू दे म्हटलं तर तिचं तोंड उतरलं. "माझ्या हातचं नको झालंय का आता?" मग घेतली. एका वाटीने काही होत नाही.

येताना एसटीत तिने बऱ्याच दिवसांनी ऑपरेशनचा विषय काढला. भूल किती तास देतात, किडनी कुठून काढतात, रक्त किती जातं. मी इस्पितळात मिळालेली सगळी माहिती दिली. दुर्बीण कुठून घालतात ते माझ्या पोटावर बोट ठेवून दाखवलं. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. तिलाही यात रस वाटायला लागला हे बघून बरं वाटलं.

२ जानेवारी २०२५

ब्याण्णव. कमरेला पट्टा नसला तर पँट घसरते. दोन पँटी कंबरेत आत घ्यायला प्रणिताकडे देऊन तीन आठवडे झाले. लोकांच्या ब्लाउजांतून तिला सवड मिळत नाही. शेवटी आज सुतळी बांधून ड्युटीवर गेलो. काळुराम हसून हसून खोकला.

आणखी एक पाहिलंय. घरी सुट्टी असली की माझं वजन थांबतं, कंपनीत असलो की उतरतं. खरं तर उलट व्हायला हवं. मॅडमना विचारायला हवं.

१९ जानेवारी

आज ताईच्या गावी पोपटी. भावजींनी शेताच्या बांधावर मडकं लावलं होतं. आत भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, पुन्हा पाला. मग मडकं पालथं घालून भोवती पेंढ्याचा जाळ. वास सुटला तेव्हा मी ठरवलं की आज चौकशीबिकशी बंद.

ताईला शेंगा चालत नाहीत. तिच्या रक्तात पोटॅशियम साठतं. ती खाटेवर बसून आम्हाला हुकूम सोडत होती. "पोपट, जाल कमी कर, करपंल." "जित्या, अर्धा झालास रं. माझ्यासाठी वालू नको, मी का तुझा उपास पावनारी देवी हाय?"

प्रणिताने माझ्या पत्रावळीवर कोंबडीचा ढीग लावला. मी अर्धा परत ठेवला, तिने पुन्हा वाढला. ताई ते बघत होती. एकदम म्हणाली, "प्रणिता, चल गो, मना जरा हिरीपर्यंत चालव."

दोघी गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा दोघींचे डोळे लाल. पेंढ्याचा धूर वाऱ्याने नेमका विहिरीकडेच जात होता. येताना प्रणिता डोळे मिटून बसली. डोकं दुखतंय म्हणाली.

२९ जानेवारी

सकाळी ताईचा फोन. आधी जेवलास का विचारलं, मग म्हणाली, "जित्या, मना तुझी किडनी नको."

मला वाटलं मस्करी करतेय.

"मी हाय तशी बरी हाय. पेन जवल हाय, मशीन हाय. तुझा वजनबिजन सोडून दे आता."

"ताय, कोण काय बोललं काय?"

"मना कोन बोलनार? मीच बोलते सगल्यांना." आणि फोन ठेवला.

भावजींना लावला तर ते रडवेले. तेही समजावून थकले. मी प्रणिताला सांगितलं तेव्हा तिच्या हातातली कात्री खाली पडली. पायावर पडायची थोडक्यात वाचली. "असं कसं म्हणाल्या वन्स?" एवढंच ती बोलली आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आली.

८ फेब्रुवारी

दहा दिवस काही लिहिलं नाही. खाल्लं मात्र भरपूर. कॅन्टीनची भजी, एका लग्नात जिलेबी, नाक्यावरचं चायनीज. वजन पुन्हा वर. मनस्वी मॅडमकडे जायची लाज वाटत होती, तरी गेलो.

रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "चिडून खाल्लंत तेव्हा चव कशी लागली?"

विचार केला. चव आठवतच नाही. जिलेबी कितवी होती तेही नाही.

"हेसुद्धा रीडिंगच आहे," म्हणाल्या. "भूक पोटाची असते, झोपेची असते, तशी मनाचीही असते. शरमेने ती आणखी वाढते. आज परत सुरू करा. बहिणीने घेतली नाही तरी हे शरीर तुम्हालाच वापरायचं आहे."

मग मी तो सुट्टीचा प्रश्न विचारला, घरी असलो की वजन का थांबतं. त्यांनी उलट विचारलं, "घरी जेवण कोण बनवतं?"

"बायको. तिच्यात काही चूक नाही, फार मायेने वाढते."

"पुढच्या वेळी त्यांना घेऊन याल?"

हो म्हटलं. तेल कमी कसं वापरायचं ते सांगणार असतील.

१२ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

फर्स्ट शिफ्ट करून घरी आलो तर दाराला कुलूप. प्रणिता न सांगता कुठे जात नाही. संध्याकाळी आली, चेहरा ओढलेला. पेणला गेली होती म्हणाली, ताईच्या डायलिसिसला. सकाळीच एसटीने एकटी गेली आणि चारही तास मशीनजवळ बसून राहिली.

"मी कधी पाहिलंच नव्हतं हो," म्हणाली. "सगळं रक्त नळ्यांतून बाहेर येतं आणि परत जातं. वन्संच्या हातावर जिथे सुया टोचतात तिथे मी हात ठेवला. आत काहीतरी गुरगुरत होतं, शीर जोडलीय म्हणे तिथे. माणसाच्या हातासारखा लागलाच नाही तो."

मी पाणी आणून दिलं. तिने घेतलं नाही.

"तुम्हाला एक सांगायचंय. मी तुम्हाला मुद्दाम खायला घालत होते."

मला कळेना.

"वजन उतरलं नाही तर डॉक्टर घेणार नाहीत, असं तुम्हीच म्हणालात ना? मला तेवढंच हातात सापडलं. पँटी पण मीच आत घेतल्या नाहीत. शिवायला घेतल्या की हात चालायचा नाही." मग ती रडली. "बाबा चालत गेले होते ऑपरेशनला. स्वतःची पिशवी स्वतः धरून. काही होत नाही म्हणाले होते सगळे."

पोपटीच्या दिवशी ताईने तिला विहिरीपाशी सरळ विचारलं होतं, गो, तुला नको वाटतंय ना? ती नाही म्हणू शकली नाही. ताई म्हणाली, मंग मना पन नको. माझ्या भावाच्या घरात रडारड करून मना जगायचा नाय.

"म्हणजे गेले तीन आठवडे तुला माहीत होतं? मला सांगायचंस तरी!"

"तुम्ही कधी विचारलंत?" तिचा आवाज चढला. सतरा-अठरा वर्षांत असा ऐकला नव्हता. "डॉक्टरांना सांगून आलात, भावजींना सांगून आलात. आणि घरी येऊन मला बातमी दिलीत. तुमच्या पोटात दोन आहेत म्हणून तुम्ही एक देऊन मोकळे. मला नवरा एकच आहे."

टाकीत काय चाललंय ते मी बाहेरून काट्यावर ओळखतो, आणि एका घरात राहून मला हे दिसलं नव्हतं. विहिरीकडचा धूर म्हणे!

मग विचारलं, "मग आता तुझं काय म्हणणं आहे?"

"अजून हो म्हणत नाही. मला डॉक्टरांकडे यायचंय. मला जे विचारायचंय ते मीच विचारणार. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

१ मार्च

काल गेलो. मी मध्ये बोललो नाही. अवघड गेलं.

प्रणिताने डॉक्टरांना विचारलं, "हे टेबलावर मरू शकतात का?" डॉक्टर म्हणाले, "शकतात. फार क्वचित होतं, पण कधीच होत नाही असं मी सांगणार नाही. म्हणूनच आम्ही इतक्या तपासण्या करतो आणि वजन उतरवायला लावतो." मग तिने वडिलांचं सांगितलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. घाई केली नाही. त्यांचं काय झालं असेल ते कागद न बघता सांगता येणार नाही, म्हणाले.

बाहेर आल्यावर म्हणाली, "हा माणूस खोटं बोलत नाही." घाबरवणारं उत्तर ऐकून ती शांत झाली. याचा मी अजून विचार करतोय.

नंतर मनस्वी मॅडम आणि प्रणिता दोघी तासभर बोलत बसल्या. मला बाहेर बसवलं.

आज सकाळी दोन्ही पँटी घडी घालून खुर्चीवर. कंबर आत घेतलेली, पण टाके कच्चेच घातलेत. "आणखी उतरलात तर उसवायला सोपं," म्हणाली.

१४ मार्च

शिमगा. पुरणपोळी झाली. एक खाल्ली, तूप लावून, चवीने. प्रणिताने दुसरी विचारलीच नाही. मी डब्याकडे बघितलं तर म्हणाली, "हवी असली तर घ्या, मी काही हात धरत नाही." घेतली नाही. उद्या सकाळी अर्धी खाणार आहे.

संध्याकाळी तिने ताईला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. "वन्स, माझी ना नाही आता. भीती आहे, पण ना नाही."

पलीकडून ताई म्हणाली, "बघ हां गो. मी मागून घेत नाय."

"मी देत्येय, तुम्ही मागितली म्हणून नाही."

"देनारा तो, तू कशी देतंस?" ताई म्हणाली आणि दोघी हसायला लागल्या. मी मध्येच बावळटासारखा उभा.

११ एप्रिल

महिना झाला, काटा अठ्ठ्याऐंशीवर खिळलाय. खाणं तेच, चालणं तेच. कंपनीने सहा महिने दिवसाची जनरल शिफ्ट दिली म्हणून झोपही पुरी होते. रोज सकाळी प्रणिता आणि मी अष्टमीच्या पुलावरून रोह्यात चालत जातो आणि परत येतो. तरी काटा हलत नाही. आधी चिडलो. मग वाटलं, चिडण्यापेक्षा विचारलेलं बरं.

मॅडमनी सांगितलं ते ऐकून मी उडालोच. शरीराला कळत नाही की हे वजन चांगल्यासाठी उतरतंय. त्याला वाटतं दुष्काळ पडला. मग ते खर्च कमी करतं आणि भूक वाढवतं. म्हणजे आमच्या रिअॅक्टरसारखंच. तापमान सेट करून ठेवलेलं असलं की तुम्ही वाफ जरा कमी करा, कंट्रोलर आपला आपण व्हॉल्व्ह उघडून ते परत जागेवर आणतो. माझा कंट्रोलर इतकी वर्षं अठ्ठ्याण्णववर बसलेला. तो भांडणारच. यात माझी इच्छाशक्ती कमी पडली असं काही नाही. बऱ्याच लोकांना यासाठी औषधं लागतात, काहींना ऑपरेशनही, आणि त्यात कमीपणा नाही. माझ्या बाबतीत अजून थोडं थांबून बघू म्हणाल्या.

काळुरामला हे सांगितलं. तो म्हणाला, "मंग माझा कंट्रोलर खाली अडकलाय वाटतं. किती पन खाल्ला तरी अंगाला लागत नाय." इतकी वर्षं मी त्याच्यावर जळत होतो. त्यालाही लोक पाप्याचं पितर म्हणून चिडवतात आणि त्याला ते लागतं, हे मला आज कळलं.

बदल एवढाच केला. डाळ, अंडी, मासे थोडे वाढवले. आठवड्यातून काही दिवस भावजींच्या जुन्या पोत्यांत वाळू भरून ती उचलतो. कंबर काट्यापेक्षा जास्त खरं बोलते म्हणे, म्हणून प्रणिताचा टेप वापरतो. ती माप घेते तेव्हा गिऱ्हाईकाला सांगते तसं म्हणते, "श्वास सोडा. पोट आत ओढून फसवू नका."

२४ मे

शहाऐंशी. कंबर मात्र बरीच कमी. डॉक्टरांनी काटा बघितला, रिपोर्ट बघितले. साखर, बीपी, लघवी, लिव्हर सगळं चांगलं. मी म्हटलं, "एक किलो राहिला." ते हसले. "मी एका किलोसाठी भांडत नाही. मला तुम्ही आणखी चाळीस वर्षं नीट राहिलेले हवे आहात. हे ऑपरेशननंतर सोडून देणार नाही ना?"

प्रणिता म्हणाली, "नाही देणार." मी बोलायच्या आधी.

क्रॉसमॅच, म्हणजे माझं आणि ताईचं रक्त एकत्र करून बघतात ती तपासणी, तीही जुळली.

१२ जून

अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे मुलाखत. टेबलापलीकडे चार-पाच माणसं, व्हिडिओ चालू. पैशासाठी देताय का, कुणी धाक घातलाय का, नातं खरं कशावरून. माझं लवकर आटपलं. मग प्रणिताला बसवलं.

एका मॅडमनी विचारलं, "तुमची संमती आहे? तुमच्यावर घरातून कुणाचा दबाव?"

प्रणिता म्हणाली, "आहे दबाव."

भावजी माझा दंड धरून बसले.

"कुणाचा?"

"माझ्याच भीतीचा. नाही म्हण, नाही म्हण, असं रोज सांगते ती. घरातल्यांनी काही धाक घातला नाही. मी डॉक्टरांना सगळं विचारून घेतलंय, नणंदेला मशीनवर बघितलंय. भीती गेलेली नाही, तरी माझं हो आहे. लिहून घ्या."

त्या मॅडमनी पेन खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं. मग लिहून घेतलं.

२३ जून

उद्या सकाळी. आठ तास काही खायचं नाही, आणि आश्चर्य म्हणजे भूकच नाही. प्रणिताने माझी पिशवी माझ्या हातात दिली नाही. गेटपासून वॉर्डपर्यंत तिनेच धरली.

ताई पलीकडच्या खोलीत. निरोप पाठवलाय, "जित्याला सांगा, झोप. मी पन झोपते."

३० जून

आज हात जरा स्थिर आहे म्हणून लिहितोय. मी ठीक. पोटात ओढ बसते, खोकलं की डोळ्यांपुढे तारे. मला उद्या घरी सोडणार. माझी किडनी ताईच्या पोटात पहिल्याच दिवशी कामाला लागली. डॉक्टर सांगत होते तेव्हा भावजींनी भिंतीला कपाळ टेकलं होतं.

दुपारी तोंडाला मास्क लावून पाचच मिनिटं ताईला भेटायला सोडलं. पोट धरून, प्रणिताच्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू गेलो. ताई उशीला टेकून बसली होती. चेहऱ्यावरची ती राखेसारखी कळा गेलेली. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलणार, रडणार. मी तयारीत होतो.

"जित्या," ती म्हणाली, "भूक लागलीय रं."

भावजी बाहेरून काचेतून बघत होते. त्यांनी मला नंतर सांगितलं की डायलिसिसवर असताना तिला अन्नाचा वास सहन व्हायचा नाही. दोन घासांसाठी ते तिच्या विनवण्या करायचे. दोन वर्षांत तिने भूक हा शब्द काढला नव्हता.

"काय खावंसं वाटतंय?" प्रणिताने विचारलं.

"सगला. भाकरी, जवला, तुझा ता बिरडा. सकाली त्यांनी खिचडी दिली ती संपली पन. परत लागली."

मी सांगितलं, "ताय, तुला ज्या गोळ्या चालू आहेत ना, त्यांनी पण भूक वाढते. लोकांचं वजन वाढतं या ऑपरेशननंतर. आपल्याला बघावं लागेल, कुठली भूक गोळ्यांची आणि कुठली खरी."

मी हे इतक्या गंभीरपणे बोललो की प्रणिताने मास्कआडून माझ्याकडे पाहिलं. ताईने ऐकून घेतलं.

"गोल्यांची असंल नायतर तुझ्या किडनीची असंल," ती म्हणाली, "पोटात माझ्याच लागली ना? बघू सावकाश कुठली ती. तू हायस, प्रणिता हाय, शोधून काढू. पन आधी त्या नर्सबायला हाक मार."

प्रणिता दाराकडे गेलीसुद्धा.